जिप्सीची चाकं, पप्पांचं व्हर्निअर आणि माझे अठरा हजार

दिघीतून बोलतोय. मागे आवाज येईल थोडा, गल्लीत पाण्याचा टँकर आलाय. सांभाळून घ्या.

आजचा विषय खूप जणांनी विचारला होता: जुन्या फोर बाय फोरला कमी पैशात चाकं कशी घ्यायची? मी त्यातला एक्स्पर्ट नाही. मी कोड लिहून पोट भरणारा माणूस. पण मी यात नीट आपटलोय, त्यामुळे सांगायचा हक्क आहे.

माझी गाडी २००४ ची मारुती जिप्सी. दिघीत वाढलेल्या पोराला जिप्सी का आवडते हे वेगळं सांगायला नको. मिलिटरीचा भाग शेजारीच, शाळेत जाता-येता हिरव्या जिप्सी बघतच मोठे झालो. मारुतीने ही गाडी १९८५ मध्ये आणली आणि आता ती बनत नाही. म्हणजे पार्ट शोधत फिरणं आलंच.

गाडी घेतली तेव्हा चारही रिम गंजलेल्या, एक तर वाकलेली. बजेट चाळीस हजार. मी काय केलं? फोनवर फोटो बघितले, काळ्या रंगाच्या सेकंडहँड अलॉय आवडल्या, चार नग अठरा हजाराला उचलल्या. पाच नटांची भोकं जुळली, चाक बसलं, मी खूश. रील पण टाकलं.

तीन आठवड्यांनी एकादशी होती. आईला आळंदीला घेऊन गेलो. येताना वडमुखवाडीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. मला वाटलं रस्ताच खराब आहे. मी गाण्याचा आवाज वाढवला. आई म्हणाली, "अरे, खालून टकटक येतेय, थांब जरा." थांबलो. पुढच्या डाव्या चाकाचे पाचपैकी दोन नट गायब होते आणि तिसरा हाताने फिरत होता.

मंडळी, मागून डंपर येत होते. मी अजून तो सीन डोक्यातून काढू शकलेलो नाही.

संध्याकाळी पप्पांनी चाक काढलं. पप्पा भोसरी एमआयडीसीत तीस वर्षं टर्नर होते. ओरडले वगैरे नाहीत. कपाटातून व्हर्निअर काढलं आणि म्हणाले, "कंपनीत पार्ट आला की आधी काय बघायचो आम्ही? माप. तू काय बघितलंस? रंग."

तर त्या दिवशी पप्पांनी शिकवलेलं तुम्हाला सांगतो. पाच गोष्टी आहेत.

पहिली, पीसीडी. म्हणजे नटांच्या भोकांच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. जिप्सीचा आहे पाच भोकं, १३९.७ मिलिमीटर. विचित्र आकडा वाटतो ना? ते सरळ साडेपाच इंच आहेत. जुन्या विलिस जीपचाही हाच पॅटर्न. पाच भोकांत समोरासमोर भोक येत नाही, मग मोजायचं कसं? शेजारच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि १.७ ने गुणा. जिप्सीवर ते अंतर साधारण ८२ मिलिमीटर भरतं. ६७ च्या आसपास भरलं तर तो ११४.३ चा पॅटर्न, तो बसणार नाही. कोणी "ठोकून बसवतो" म्हणाला तर तिथून निघा.

दुसरी, मधलं भोक, म्हणजे सेंटर बोअर. जिप्सीला १०८ मिलिमीटर लागतं. भोक लहान असेल तर चाक बसतच नाही, ते बरं. मोठं असेल तर बसतं, आणि तिथेच फसतो आपण. मग चाक हबवर टेकत नाही, फक्त नटांच्या भरवशावर मध्यात राहतं. माझ्या अलॉयचं भोक मोठं होतं.

तिसरी, नटाची बैठक. माझा खरा घोळ इथे झाला. स्टील रिमचे जुने नट शंकूसारखे तिरके. अलॉयमधली खोबण गोलाकार. दोघं एकमेकांना फक्त एका बारीक रेघेवर टेकत होते. अ‍ॅल्युमिनियम झिजलं, नट ढिले झाले. रिम बदलली तर तिच्या बैठकीचे नट घ्यायचे. हा खर्च रिमच्या मानाने किरकोळ आहे आणि मी तोच वाचवला होता.

चौथी, ऑफसेट आणि रुंदी. चाक बाहेर काढलं की गाडी दणकट दिसते, मान्य. पण चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवर ताण जास्त. जिप्सीच्या पुढच्या अ‍ॅक्सलला किंग पिन बेअरिंग असतात. ती आधीच म्हातारी झालेली असतील तर स्टिअरिंग दोन्ही हातात मावणार नाही इतकं हलतं. त्यामुळे मूळ ऑफसेटच्या जवळ राहा, आणि स्पेसर टाकून जुळवाजुळव नको.

पाचवी, टायरचा साइज. जिप्सीचा मूळ २०५/७० आर १५, म्हणजे बाहेरचा व्यास ६६८ मिलिमीटर. २१५/७५ टाकला तर ७०३, म्हणजे पाच टक्के मोठा. मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ वर असेल. २३५/७५ टाकला तर ६० चे जवळजवळ ६६ होतात, आणि वळताना टायर घासतो का तेही बघावं लागतं. शिवाय जिप्सी फोर बाय फोरमध्ये टाकली की पुढची-मागची चाकं एकत्र बांधली जातात. व्यास वेगवेगळा असेल तर ताण सगळा ट्रान्सफर केसवर. म्हणून चारही टायर एकाच साइजचे घ्या. स्टेपनीसुद्धा त्याच मापाची.

कायद्याचं पण दोन मिनिटं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी हटेल असे बदल करता येत नाहीत. आपल्या गाड्या पंधरा वर्षांच्या पुढच्या, फिटनेससाठी आरटीओला दाखवाव्या लागतात. तिथे फेंडरच्या बाहेर आलेली चाकं घेऊन जाऊन वाद कशाला घालायचा? आणि टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर तो टायर संपला.

आता मुद्द्याचं, मी शेवटी काय घेतलं? मूळ मापाच्या सेकंडहँड स्टील रिम. पाच नग, नऊ हजार. स्टील वजनाने जड, दिसायला साधी. पण खड्ड्यात आपटली की सहसा वाकते, आणि थोडी वाकली तर ठोकून सरळ होते. अलॉयला तडा जाऊ शकतो, आणि वेल्डिंग करून वर रंग मारला की फोटोत काय दिसणार? घासाघीस करायच्या आधी रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घ्या, हेलकावा लगेच दिसतो. आतल्या बाजूला वेल्डिंग, तडे, भोकांभोवतीची झीज बघा. ट्यूबलेस टाकायचे असतील तर रिमच्या आत टायर अडवणारा उंचवटा आहे ना, तेही बघा.

अजून एक जागा सांगतो. २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीचाही पॅटर्न पाच-१३९.७ आणि रिम १५ इंचीच. लोक नव्या गाडीचे स्टॉक रिम काढून विकतात. मिळाले तर गाडी घेऊन जा, लावून बघा, ब्रेकला आणि सस्पेन्शनला घासत नाही ना ते तपासा आणि मगच पैसे द्या.

उरलेले पैसे नवीन टायरला घातले. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १४२३ म्हणजे २०२३ चा चौदावा आठवडा. "नवीन आहे" म्हणणाऱ्याला हा कोड विचारा. अठरा हजार पाण्यात गेले होते, म्हणून बजेट फुटलंच. स्वस्त अलॉय मला सगळ्यात महाग पडल्या.

आणि चाक बसवल्यावर? नट तारेच्या आकारात, समोरासमोर आवळायचे, मग शंभर किलोमीटर चालवून परत आवळायचे. हे मी केलं असतं तर त्या एकादशीला नट पडायच्या आधीच कळलं असतं.

आई परत बसली बरं का जिप्सीत. पुढच्या एकादशीला. फक्त निघताना खाली वाकून चाकाकडे बघितलं आणि पप्पांना विचारलं, "अहो, तुम्ही आवळलेत ना?"

मी पण तिथेच उभा होतो, हातात पाना घेऊन. पण विश्वास परत मिळवायला वेळ लागतो मंडळी.

तुमच्या गाडीचं माप घ्या, आणि काय भरलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. गाडी सावकाश चालवा.