झाकलेले दोष आणि शिक्षकाची दृष्टी



भेगेवर गिलाव्याचा हात फिरला म्हणजे भेग दिसेनाशी होते, आणि तुटलेल्या तारेवर चिकटपट्टी गुंडाळली म्हणजे दिवा पुन्हा लागतो. पाहणाऱ्यास वाटते, काम झाले. वास्तविक पुष्कळदा काम झालेले नसते. केवळ दोष झाकला गेलेला असतो. घराची डागडुजी असो वा वाहनाची, वाईट कारागिरीचा खरा धोका ती वाईट असण्यात जितका आहे, तितकाच ती चांगली दिसण्यात आहे. असा दोष दोन प्रकारांनी उघडकीस येतो. कोणी वेळीच शोधून काढला तर तो पाहणीत सापडतो, नाही तर अपघातात. मुले ज्या छताखाली बसतात आणि ज्या वाहनातून येतात, त्यांच्या बाबतीत दुसऱ्या प्रकाराची वाट पाहणे कोणत्याही शिक्षकास परवडणारे नाही.

या संदर्भात अमेरिकेतील एका शाळेची हकीकत प्रत्येक शिक्षकाने जाणून घेण्यासारखी आहे. टेक्सास राज्याच्या पूर्व भागात न्यू लंडन नावाचे लहान गाव आहे. त्या भागात खनिज तेल सापडल्यामुळे तेथील शाळा श्रीमंत होती आणि तिची इमारत पोलाद व काँक्रीट वापरून भक्कम बांधलेली होती. इमारत उबदार ठेवण्यासाठी मुळात वाफेची योजना होती. ती बाजूस सारून शाळेच्या मंडळाने खोल्याखोल्यांतून गॅसच्या शेगड्या बसविल्या. पुढे 1937 सालच्या आरंभी विकतचा गॅस बंद करण्यात आला आणि तेलविहिरींतून निघणारा टाकाऊ गॅस वाहून नेणाऱ्या एका नळाला जोड देऊन तो फुकटचा गॅस शाळेत आणण्यात आला. यात महिन्याकाठी अडीचशे-तीनशे डॉलर वाचत होते.

तो जोड सदोष होता. त्यातून गॅस झिरपून जमिनीखालच्या बंदिस्त पोकळीत साठत राहिला. त्या गॅसला रंग नव्हता व वासही नव्हता. मुले डोके दुखत असल्याची तक्रार करीत. परंतु त्या तक्रारीचा संबंध पायाखालच्या नळाशी कोणी जोडला नाही. 18 मार्च 1937 रोजी, शाळा सुटण्यास काही मिनिटे उरली असताना, हस्तव्यवसायाच्या शिक्षकाने लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र सुरू केले. एक ठिणगी उडाली आणि संपूर्ण इमारत उचलली जाऊन कोसळली. सुमारे तीनशे मुले व शिक्षक मृत्युमुखी पडले. यंत्राचे बटन दाबणाऱ्या त्या शिक्षकाचा काहीही अपराध नव्हता. अपराध कित्येक आठवडे अगोदर घडला होता आणि तो जमिनीखाली झाकलेला होता.

या दुर्घटनेनंतर काही आठवड्यांतच टेक्सासमध्ये गॅसला उग्र वास देणे कायद्याने सक्तीचे करण्यात आले व पुढे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. आज आपल्या खेड्यातील शाळेत पोषण आहार शिजविताना सिलिंडर गळू लागला तर जो घाण वास येतो, तो गॅसचा स्वतःचा नव्हे. लोकांना सावध करण्यासाठी त्यात मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त द्रव्याचा तो वास होय. त्या वासाकडे दुर्लक्ष करणे म्हणजे न्यू लंडनच्या मुलांनी मोल देऊन मिळविलेली सूचना वाया घालविणे होय.

दुसरे उदाहरण वाहनाचे आहे. त्याच देशात, न्यूयॉर्क राज्यातील स्कोहारी या गावी 6 ऑक्टोबर 2018 रोजी एक लांबलचक मोटार उतारावरून वेगाने खाली आली, रस्त्यांच्या तिठ्यावर न थांबता पुढे गेली आणि वीस माणसे ठार झाली. मोटारीतील अठराही जण गेले. रस्त्याच्या कडेला उभी असलेली दोन माणसेही गेली. ही मोटार कारखान्यातून तशी लांब बाहेर पडलेली नव्हती. 2001 सालची एक मोठी गाडी मधोमध कापून, लांबवून, तीत जास्तीची आसने बसविण्यात आली होती. आसने वाढली म्हणजे भार वाढतो आणि भार वाढला म्हणजे ब्रेकवरील ताण वाढतो. अशा गाडीची निगा अधिकच काटेकोर हवी. येथे उलट घडले. सुमारे एक महिना अगोदर सरकारी निरीक्षकांनी ब्रेकमधील दोष पाहून ती गाडी रस्त्यावर आणण्यास मनाई केली होती व तशी चिठ्ठीही गाडीवर लावली होती. तरीही गाडी भाड्याने दिली गेली. प्रवासी मंडळी वाढदिवसाच्या आनंदात निघाली होती. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीच्या पोटात काय आहे, हे त्यांना कोण सांगणार? येथे दोष सापडलेला होता. पण सापडलेला दोष दूर झाल्याशिवाय चाक हलू द्यावयाचे नाही, एवढा निग्रह कोणी दाखविला नाही.

तिसरे उदाहरण आपल्या घरचेच आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जनानंतरच्या रात्री, लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत भूकंप झाला आणि किल्लारीच्या परिसरात हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. ती घरे दगडाची होती, भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद होत्या आणि वर मातीचे जड माळवद होते. पाहणाऱ्यास याहून भक्कम घर कोणते वाटेल? परंतु पुष्कळ भिंती आतून एक नव्हत्या. बाहेरचा एक पदर व आतला एक पदर, मध्ये दगडगोटे व माती अशी त्यांची रचना होती. दोन्ही पदरांना एकत्र धरून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठिकठिकाणी घातलेले नव्हते. धक्का बसताच पदर सुटले, भिंती फुटल्या आणि माळवद खाली आले. अशा भिंतीचे पदर कित्येकदा भूकंपाशिवायही सुटू लागतात व भिंतीला पोट येते. त्या पोटावर गिलावा करून भिंत सरळ भासविणे यास दुरुस्ती म्हणता येणार नाही.

या तिन्ही प्रसंगांतून एकच बोध निघतो. दोष अगदी मुका क्वचितच असतो. डोकेदुखी, मनाईची चिठ्ठी, भिंतीचे पोट ही त्याची भाषा होय. ती ऐकणारा माणूस हवा. खेड्यात असा माणूस बहुधा शिक्षकच असतो. त्याने गवंडी किंवा तारतंत्री व्हावे अशी अपेक्षा नाही. त्याने पाहावे, विचारावे आणि नोंद करावी, इतकेच पुरे आहे.

पाहावयाचे ते काय? वर्गातील बटनांची पाटी काळवंडली आहे काय, हात लावण्यापूर्वीच ती गरम असल्याचा किंवा जळका वास येतो काय, हे पाहावे. फ्यूजच्या जागी योग्य तारेऐवजी जाड तांब्याची तार बसविलेली असली, तर फ्यूज वितळणार नाही व त्याच्याऐवजी भिंतीतील तार पेटेल. पाण्याच्या पंपाला वा कूलरला भूयोजन, म्हणजे अर्थिंगची तार, खरोखरच जोडली आहे काय, हे तारतंत्र्याकडून तपासून घ्यावे. तीन पायांच्या प्लगमध्ये दोनच तारा असणे ही सर्रास आढळणारी व जीवघेणी गोष्ट आहे. स्वयंपाकघरातील गॅसची नळी मानक चिन्हाची असावी आणि तिची मुदत संपलेली नसावी. गळती पाहण्यासाठी साबणाचे पाणी वापरावे, काडी कदापि ओढू नये. वास आल्यास दिव्याचे बटन चालू करू नये व बंदही करू नये. शेगडी व सिलिंडरची कळ बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि मुलांना बाहेर न्यावे.

मुलांना आणणाऱ्या वाहनाकडेही अशीच नजर असावी. मागील दार फळी ठोकून बंद केले आहे काय? बाक वाढवून बसविले आहेत काय? घरगुती सिलिंडर गाडीत जोडला आहे काय? नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करण्यास 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील कलम 52 अन्वये बंदी आहे. वाहन चालविणारा गावचाच, ओळखीचा असतो. त्याच्या पोटाचा प्रश्न असतो. त्यास चार माणसांत न दुखविता प्रथम समजावून सांगावे. तथापि ओळखीच्या भिडेपोटी गप्प बसू नये.

विचारावयाचे ते काम झाकले जाण्यापूर्वी विचारावे. गिलावा होण्याआधी वीट पाहावी, फरशी बसण्याआधी नळाचा जोड पाहावा, पाटी बंद होण्याआधी तारा पाहाव्यात. चांगला कारागीर आपले काम दाखविण्यास कधी कचरत नाही. उलट त्यास आनंद होतो. नंतर जे आढळले ते तारखेसह शाळेच्या नोंदवहीत लिहावे, शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावे आणि ग्रामपंचायत व गटशिक्षणाधिकारी यांना लेखी कळवावे. दुरुस्ती होईपर्यंत ती खोली, तो पंप किंवा ते वाहन मुलांसाठी बंद ठेवावे. स्कोहारीचा धडा हाच आहे.

याच कामातून एक उत्तम पाठही घेता येईल. दोरीला दगड बांधून मुलांकडून ओळंबा करवावा आणि सुरक्षित अंतरावरून शाळेची एखादी चांगली भिंत सरळ आहे की नाही हे त्यांना पडताळून पाहावयास सांगावे. विजेच्या वस्तूंना मात्र त्यांनी हात लावू नये. ज्या मुलाने लहानपणी एकदा ओळंबा धरला, ते मूल पुढे गवंडी झाले तर वाकडी भिंत बांधणार नाही, आणि घरमालक झाले तर वाकडी भिंत बांधू देणार नाही.

न्यू लंडनच्या शाळेत पैसे वाचविण्याचा हिशोब अनेकांनी केला. जोड कोणी बांधला व कोणी तपासला, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो प्रश्न आपल्या गावात विचारला जावा आणि तो शिक्षकाच्या तोंडून विचारला जावा, एवढेच या भाषणाचे प्रयोजन आहे.