रांगडा चेहरा, कृष्णधवल फोटो



कनेरगाव नाक्यापासून हिंगोली, सेनगावपर्यंत आणि पैनगंगेपलीकडे वाशीमपर्यंत, फोटोची हौस असलेल्या तरुणांचा एकच प्रश्न सारखा येत असतो. आजोबांचा, हळद शिजवणाऱ्या मजुराचा किंवा नाक्यावर चहा गाळणाऱ्या माणसाचा फोटो मोबाईलवर काढला, काळा-पांढरा केला, तरी मोठ्या छायाचित्रकारांच्या फोटोत दिसतो तसा रांगडा, खरखरीत चेहरा उतरत नाही. मग ॲप कोणते घ्यावे आणि कोणता स्लायडर किती ओढावा?

ॲपचे उत्तर एका ओळीत संपते. स्नॅपसीड फुकट मिळते आणि एवढ्या कामाला पुरते. स्लायडरचे उत्तर लांबणार आहे, कारण दुखणे तिथेच आहे.

आधी एक काम पाहू. कनेरगाव नाक्याचे स्टेशन अकोला–पूर्णा मार्गावर आहे. याच मार्गावरच्या अकोल्यात १९६६ साली सुधारक ओलवे यांचा जन्म झाला. मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम करताना त्यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे कृष्णधवल फोटोंत टिपले: मॅनहोलमध्ये उतरलेली माणसे, कचऱ्यात राबणारे हात, कामानंतरचे त्यांचे घर. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो पाहताना अंगावर येणारा खरखरीतपणा त्या कामाचा आहे, त्या जागेचा आहे आणि तिथे पडलेल्या उजेडाचा आहे. ज्यांना ‘तसा’ फोटो हवा आहे, त्यांनी ओलव्यांच्या एकेका फोटोसमोर थांबून उजेड कुठून आला, एवढेच शोधावे.

कारण सुरकुती दिसते ती तिच्या सावलीमुळे. चेहऱ्यावर उजेड समोरून आला की सुरकुतीच्या दोन्ही कडा सारख्याच उजळतात आणि सुरकुती पुसली जाते. मोबाईलचा फ्लॅश हेच करतो. उजेड बाजूने आला की प्रत्येक रेघेची एक कड उजळते, दुसरी काळवंडते आणि चेहऱ्याचा पोत आपोआप उठून येतो. त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. सकाळी किंवा उन्हे कलल्यावर, माणसाला घराच्या दाराशी, उंबऱ्याच्या हातभर आत बसवावे आणि चेहरा अर्धा दाराकडे वळवायला सांगावे. आतली खोली अंधारी राहते, ती पाठीमागे काळी पडते. भर दुपारी उघड्यावर फोटो काढला तर पटक्याखाली डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे उरतात. ते नंतर कोणत्याही ॲपने भरून निघत नाहीत.

पांढरी टोपी, पटका आणि धोतर सांभाळावे. फोन गव्हाळ चेहऱ्याकडे पाहून उजेड ठरवतो आणि टोपी पार पांढरीफटक होऊन जाते, तिचा कापडपणाच उरत नाही. म्हणून पडद्यावर टोपीवर बोट टेकवावे, सूर्याची खूण थोडी खाली ओढावी आणि मगच फोटो घ्यावा. चेहरा किंचित गडद आला तरी तो नंतर उजळता येतो. जळालेली टोपी परत येत नाही. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख, पाहता येत असेल तर त्याचे उजवे टोक भिंतीला टेकलेले नसावे; टेकले म्हणजे पांढरे जळाले.

आता स्लायडरकडे. स्नॅपसीडमध्ये ‘डिटेल्स’ या खुणेखाली ‘स्ट्रक्चर’ आहे, लाईटरूममध्ये ‘क्लॅरिटी’ आणि ‘टेक्श्चर’ आहेत, आणि ‘ड्रामा’, ‘ग्रंज’, ‘एचडीआर’ अशी तयार फिल्टरे आहेत. तुम्ही आवडीने पाठवलेल्या दहा फोटोंतल्या नऊंवर यांतले काहीतरी टोकाला ओढलेले असते. ते करू नका. संपूर्ण चेहऱ्यावर स्ट्रक्चर ओढू नका.

हा स्लायडर काय करतो ते समजून घ्यावे. फोटोत जिथे उजळ आणि गडद भाग शेजारी येतात, तिथे तो उजळाला आणखी उजळ आणि गडदाला आणखी गडद करतो. त्याला सुरकुती, मुरूम, देवीचा व्रण, दाढीचा खुंट आणि गालावर उडालेली धूळ यांतला फरक कळत नाही. सगळे एकाच आवाजात ओरडू लागते आणि पाहणाऱ्याची नजर डोळ्यांवर ठरतच नाही. पांढऱ्या टोपीच्या आणि कानांच्या कडेने उजळ वलय उमटते. त्यातून मोबाईलची अडचण वेगळी. ती कळायला एक तुलना पाहा. अमेरिकेत छायाचित्रकार रिचर्ड ॲव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात पश्चिमेकडच्या राज्यांतले खाणकामगार, मजूर, भटके यांचे फोटो काढले. मागे पांढरा कागद, माणूस सावलीत, आणि निगेटिव्ह आठ बाय दहा इंचांचे. त्यातला केसन् केस खरा होता, कारण तो निगेटिव्हवर उमटलेला होता. मोबाईलचा सेन्सर बोटाच्या नखाएवढा असतो. कमी उजेडात त्यावर नॉइज, म्हणजे नको असलेले ठिपके, येतो आणि तो लपवायला फोन स्वतःच कातडी सारवून टाकतो. त्या सारवलेल्या कातडीवर स्ट्रक्चर ओढले की रंध्रे दिसत नाहीत, नुसते चट्टे दिसतात.

माझ्या कागदावर पुढचा मुद्दा ग्रेनचा, म्हणजे फोटोतल्या दाण्याचा, लिहिला आहे, पण तो थोडा थांबेल. हे आधी नीट ऐका. म्हातारी आजी ज्या चेहऱ्याने तुमच्यासमोर बसली, त्याच चेहऱ्याने ती फोटोत दिसली पाहिजे. तिला आणखी म्हातारी, आजारी, मळकट करून ‘भारी झालाय’ म्हणत पाठवता, तेव्हा तो फोटो तिला दाखवता का? दाखवा. तिच्या तोंडावर काय उमटते ते पाहा. गरिबी दिसावी म्हणून माणसाच्या तोंडाला काजळी फासण्याचा अधिकार कुणाला नाही. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांचे चांगले फोटो असतात तरी किती? घरात पुढे हार घालायची वेळ येते तेव्हा हाच फोटो शोधला जातो. तो तुम्ही काढलेला असेल, तर त्यात तिच्या डोळ्यांतला ओलावा असू द्या बाळांनो, चट्टे नकोत.

स्ट्रक्चर वापरायचेच असेल तर ते दाढीवर, घोंगडीवर, पटक्याच्या कापडावर, हातांवर वापरावे. ब्रशने तेवढ्याच जागी ठेवावे आणि विसाच्या पुढे नेऊ नये. गाल, कपाळ आणि डोळ्यांखालची कातडी यांना हात लावायचा नाही.

दुसरी फसगत रंगांच्या फिल्टरची. रंगीत फोटो कृष्णधवल करताना स्नॅपसीड लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे पर्याय देते. ज्या रंगाचा फिल्टर, त्या रंगाची वस्तू उजळते आणि विरुद्ध रंगाची काळवंडते. माणसाची कातडी, गोरी असो वा काळी, लाल उजेड सर्वांत जास्त आणि निळा सर्वांत कमी परतवते. म्हणून लाल फिल्टरने चेहरा गुळगुळीत होतो, ओठ फिके पडतात. निळ्याने चेहरा काळवंडतो आणि प्रत्येक डाग, प्रत्येक व्रण वर येतो. जुन्या फोटोंतले चेहरे करारी दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे. हिंगोली निजामाच्या राज्यात होती, त्या काळात सहाव्या निजामाचे छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. त्यांच्या वेळच्या साध्या काचेच्या प्लेटा निळ्या उजेडाला जाग्या होत्या आणि लालाला आंधळ्या, म्हणजे निळ्या फिल्टरसारख्याच. लाल रंगालाही दाद देणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा बाजारात येईपर्यंत विसावे शतक उजाडले होते.

तोच करारीपणा हवा म्हणून मुले निळा फिल्टर निवडतात. पण हिंगोली हा हळदीचा जिल्हा आहे. फेब्रुवारी-मार्चनंतर कंद शिजवताना, वाळवताना, पॉलिश करताना माणसांचे हात, पाय, कपडे पिवळे होतात. पिवळा रंग निळा उजेड गिळून टाकतो. निळ्या फिल्टरने हळदीचा हात कोळशाच्या खाणीतून आल्यासारखा काळा दिसतो. रांगडा दिसेलही, पण खोटा दिसेल. वसमतच्या बाजारात हळद घेऊन जाणाऱ्या माणसाला झरियाच्या कोळशाच्या खाणीतला कामगार करून ठेवल्यासारखे होईल. हळदीच्या कामाचा फोटो असेल तर नारिंगी फिल्टर घ्यावा: हात उजळतील, त्यांवरची भुकटी दिसेल. पुरुषाच्या साध्या पोर्ट्रेटला हिरवा चांगला. ओठांना धार येते आणि कातडीचा पोत शाबूत राहतो. निळा फिल्टर आपल्याकडच्या चेहऱ्यांना क्वचितच मानवतो.

कॉन्ट्रास्ट वाढवताना एक जागा पूर्ण काळी आणि एक जागा पूर्ण पांढरी असावी. बाकीचा चेहरा मधल्या राखाडी छटांत राहावा. केस आणि पाठीमागचा अंधार एकमेकांत बुडाले तर थोडे मागे यावे.

फिल्मच्या काळात डार्करूमचे खरे कौशल्य डॉजिंग-बर्निंगचे. फोटो मोठा करणाऱ्या एन्लार्जरखाली तळहात किंवा पुठ्ठ्याचा तुकडा धरून प्रिंटच्या एका भागाला कमी आणि दुसऱ्याला जास्त उजेड दिला जाई. अमेरिकी छायाचित्रकार यूजीन स्मिथ तर प्रिंट धुतल्यावरही पोटॅशियम फेरिसायनाइडच्या बोळ्याने हवी ती जागा उजळत असत. मोबाईलवर ते काम ब्रशने होते. डोळ्यांचा पांढरा भाग किंचित उजळावा, फार उजळला तर माणूस घाबरलेला दिसतो. कानाची, खांद्याची, गळ्याखालची जागा गडद करावी, म्हणजे नजर चेहऱ्यावर येते. रांगडेपणाचा अर्धा हिशेब या ब्रशने मिटतो, आणि याच कामाला कुणी वेळ देत नाही.

आता ग्रेन. फिल्मवरचा दाणा चांदीचा असतो. कोडॅकची ट्राय-एक्स फिल्म १९५४ पासून ३५ मिलिमीटरमध्ये मिळू लागली आणि वृत्तछायाचित्रांचा खरबरीत चेहरा तिने घडवला. आपल्याकडे उटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स ‘इंदू’ नावाने कृष्णधवल माल बनवत असे. फिल्मचा दाणा मधल्या राखाडी छटांत उठून दिसतो, मोबाईलचा नॉइज सावल्यांत मळकट दिसतो, म्हणून अंधारात काढलेल्या फोटोचा नॉइज ग्रेन म्हणून खपत नाही. ग्रेन सर्वांत शेवटी घालावा, बारीक ठेवावा.

थोडक्यात उरलेले. कॅमेऱ्याचा ब्युटी मोड आधी बंद करा. पोर्ट्रेट मोड पटक्याच्या कडा आणि विखुरलेले केस खातो. मूळ रंगीत फोटो कधीही पुसू नका. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रिंट काढायला हिंगोलीला किंवा वाशीमला जाल तेव्हा मॅट कागद मागा, आणि मोठी प्रिंट सांगण्याआधी चार बाय सहाची एक चाचणी काढून घ्या. कागद पडद्यासारखा स्वतः उजळत नाही, त्यामुळे सावल्या दिसल्या त्याहून गडद उतरतात. घरी परत येऊन ॲपमध्ये सावल्या थोड्या उजळ करा. रंगीत कागदावर कृष्णधवल फोटो काढला की कधी हिरवट, कधी जांभळट झाक येते. चाचणी प्रिंट दिवसाच्या उजेडात नेऊन पाहा आणि झाक दिसली तर मोठी प्रिंट काढण्याआधी लॅबवाल्याला दाखवा. दोन प्रती काढा. त्यातली एक ज्याचा फोटो आहे त्याच्या घरी द्यायची.