सूर्य सर्वांचा, बिल कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूर्य कोणाच्या मालकीचा नाही, तेव्हा त्याची वीजही सर्वांना स्वस्त मिळेल, असे आपल्याला सांगितले जाते. या विधानाचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. उत्तरार्ध मात्र आपोआप खरा होणार नाही.

राष्ट्रीय सौर अभियानाच्या २०१० मधील पहिल्या लिलावात सौर विजेचा दर युनिटला सरासरी १२ रुपयांच्या घरात होता. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात तो १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला. मग कामगार वस्तीतले बिल त्या प्रमाणात का उतरले नाही?

याचे उत्तर बिलाच्या कागदावरच आहे. वीज आकार, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा रकमा मिळून ते तयार होते. सौर वीज स्वस्त झाली म्हणून तारा व रोहित्रांचा खर्च घटत नाही. कोळशावरच्या केंद्रांशी दीर्घ मुदतीचे करार झालेले आहेत. वीज घेतली नाही तरी त्यांचा स्थिर खर्च द्यावाच लागतो. शिवाय सूर्य मावळतो त्याच सुमारास घरोघर दिवे लागतात, आणि दिवसाची वीज रात्रीसाठी साठवायची तर त्यालाही पैसा पडतो.

ज्यांची बिले खरोखर उतरली, त्यांच्याकडे आता पाहू. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत छतावरील एक किलोवॉटच्या संचाला ३० हजार, दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये केंद्रीय अनुदान ठरले. एक किलोवॉटचा संच दिवसाला साधारणपणे चार युनिट देतो. म्हणजे दोन किलोवॉटचा संच बसविणाऱ्या आणि महिन्याला ३५० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाच्या बिलात सुमारे ११० युनिटच उरतात. आपल्याकडील घरगुती दर टप्प्यांचे आहेत: पहिली १०० युनिटे सर्वांत स्वस्त, ३०० पर्यंतची महाग, त्यापुढची आणखी महाग. त्यामुळे या कुटुंबाची आधी वाचतात ती सर्वांत महाग युनिटे. ज्याचा वापरच ८० युनिटांचा, त्याची वाचतात ती सर्वांत स्वस्त. एकाच सूर्याचे एक युनिट दोन घरांत दोन किमतींचे ठरते!

आणि ज्याला स्वतःचे छप्परच नाही त्याचे काय? चाळीतला भाडेकरू घरमालकाच्या पोटमीटरवर तो सांगेल त्या दराने पैसे मोजतो. दारिद्र्यरेषेखालील आणि महिना १०० युनिटांच्या आतील ग्राहकांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये जादा अनुदानाची योजना जाहीर केली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु त्या संचालाही छप्पर लागतेच. दरम्यान, वरच्या दराने पैसे भरून खालच्या टप्प्याचा भार उचलणारे ग्राहक जसजसे कमी वीज विकत घेतील, तसतसा तो भार उरलेल्यांवर ढकलण्याचा मोह वाढेल.

संक्रमणाचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न श्रीमंत देशांतही उभा राहिला. जर्मनीत अपारंपरिक विजेच्या साहाय्यासाठी ग्राहकांच्या बिलावर अधिभार बसविला होता. २०१७ मध्ये तो युनिटला ६.८८ सेंट झाला. वीज मोठ्या प्रमाणावर वापरणाऱ्या कित्येक उद्योगांना त्यात भरघोस सूट होती. सामान्य कुटुंबांना नव्हती. अखेर १ जुलै २०२२ पासून हा अधिभार शून्यावर आणून तो खर्च सरकारी निधीतून करण्याचे ठरले. खर्च तोच राहिला. तो उचलणारे खांदे बदलता येतात, हे मात्र सिद्ध झाले.

म्हणून सौर विजेला विरोध करण्याचे आपल्याला कारण नाही. तिच्या लाभाची वाटणी हा आपला विषय आहे. शाळा, मंडया, महापालिकेच्या इमारती यांच्या छतांवर सामाईक संच उभारावेत आणि त्यांची युनिटे भाडेकरूंच्या व झोपडीवासीयांच्या बिलांतून वजा व्हावीत. दिल्लीच्या नियामक आयोगाने २०१९ मध्येच अशा सामाईक मोजणीचे नियम केले आहेत. तसेच स्वस्त विजेच्या खरेदीतून होणारी बचत आधी पहिल्या १०० युनिटांच्या दरात दिसली पाहिजे.

२००३ च्या वीज कायद्यानुसार जनतेच्या सूचना व हरकती विचारात घेतल्याशिवाय आयोगाला दर ठरविता येत नाहीत. उद्योगांचे वकील तेथे जाडजूड कागदपत्रे घेऊन हजर असतात. आपली बाके रिकामी का असावीत? प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीतली दहा बिले गोळा करावीत, ती ओळीने वाचावीत आणि पुढच्या सुनावणीत आपली हरकत लेखी नोंदवावी. सूर्य सर्वांचा आहे, हे त्या कागदावर दिसेपर्यंत हे काम थांबविता येणार नाही.