वैद्यकविद्येच्या दारांत

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालक-विद्यार्थी सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं मीं एखाद्या धर्मतत्त्वावर बोलावें, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु आजचा विषय मला माझ्या कचेरींतील टेबलानेंच सुचविला आहे. प्रतिवर्षीं बारावीचा निकाल लागला, कीं बाप्तिस्म्याचे दाखले मागण्यासाठीं आईबापांची रीघ लागते. कांहीं ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत, उदाहरणार्थ १९६३ सालीं स्थापन झालेल्या बंगळूरच्या सेंट जॉन्समध्यें, कॅथलिक विद्यार्थ्यांस राखीव जागा असतात. त्यांसाठीं हा दाखला लागतो. त्यावर सही करावयास मला अर्धें मिनिट पुरतें. पण समोर बसलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरची चिंता दिवसभर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीं. म्हणून या विषयावर चार शब्द बोलावे, असें मनानें घेतलें.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. २०२० सालापासून देशांतील सर्व वैद्यकीय महाविद्यालयांचा एम. बी. बी. एस. प्रवेश 'नीट' या एकाच परीक्षेवर होतो. २०२५ च्या परीक्षेंत १८० प्रश्न, १८० मिनिटें आणि ७२० गुण होते. बरोबर उत्तरास चार गुण मिळत, आणि चुकलेल्या उत्तराबद्दल एक गुण कापला जाई. २०२४ सालीं २३ लाखांहून अधिक मुलें या परीक्षेस बसलीं. जागा मात्र देशभर मिळून एक लाखाच्या किंचित् वर होत्या. म्हणजे सुमारें एकवीस मुलांमागें एक जागा. हा हिशेब आईबापांनीं आरंभींच समजून घ्यावा. उरलेल्या वीस मुलांच्या अंगीं बुद्धि नाहीं, असा याचा अर्थ नव्हे. जागा पुरत नाहींत, एवढाच अर्थ.

दुसरी गोष्ट. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यांतून व ८५ टक्के राज्याच्या प्रवेशफेऱ्यांतून भरतात. खाजगी महाविद्यालयांचा प्रवेशही अधिकृत फेऱ्यांतूनच होतो. तेव्हां "पैसे द्या, मागच्या दारानें जागा मिळवून देतों" असें सांगत जो कोणी येईल, त्यास उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवा. अशा माणसाच्या शब्दावर केळीची वाडी गहाण टाकलेलें एक घर मला ठाऊक आहे. जागा मिळाली नाहीं; वाडी मात्र गेली.

आतां माझ्या पदरचा एक अपराध सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका रविवारीं, मिस्सानंतर, प्रवेश मिळालेल्या मुलांचीं नांवें मीं वेदीजवळून वाचून दाखविलीं. लोकांनीं टाळ्या वाजविल्या. मलाही धन्यता वाटली. त्याच वेळीं मागच्या बांकावर एक मुलगी बसली होती. थोडक्या गुणांनीं तिची जागा हुकली होती. पुढें तीन महिने ती देवळांत दिसली नाहीं. अखेर मी तिच्या घरीं गेलों, तेव्हां तिची आई म्हणाली, "फादर, ती म्हणते, ज्यांचीं नांवें वाचलीं तींच काय तीं देवाचीं मुलें." या वाक्यापुढें माझी सारी धर्मशिकवण मुकी झाली. मीं तिची क्षमा मागितली. ती मुलगी पुढें औषधनिर्माणशास्त्र शिकूं लागली. पण त्या रविवारचें शल्य तिच्या मनांतून पुरतें गेलें, असें मी म्हणूं धजत नाहीं. तेव्हांपासून नांवें वाचणें मीं सोडलें. निकालानंतरच्या रविवारीं परीक्षेस बसलेल्या सर्वांसाठीं मिळून एकच प्रार्थना होते.

ज्यांस प्रवेश मिळाला, त्यांचें सर्व सुरळीत चालतें, हाही आपला समज बरोबर नाहीं. पहिल्या वर्षीं शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे तीन प्रमुख विषय असतात. हाडें, स्नायू, नसा यांचीं शेंकडों लॅटिन व ग्रीक नांवें ध्यानांत ठेवावीं लागतात. गांवांत पहिला येणारा मुलगा अशा वर्गांत येऊन बसतो, कीं जेथें सारेच आपापल्या गांवांत पहिले आलेले असतात. एका नाताळच्या सुटींत असाच एक मुलगा मजकडे आला. "फादर, पहिल्या चाचणींत मी नापास झालों. घरीं अजून सांगितलें नाहीं. बाबांनीं गांवभर पेढे वाटले आहेत." एवढें बोलून तो रडूं लागला. मी त्याला घेऊन त्याच्या घरीं गेलों. त्यानें सारें सांगितलें. बाप क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, "सकाळपासून कांहीं खाल्लेंस का रे?"

पालकहो, हें वाक्य लक्षांत ठेवा. वसतिगृहांतील मुलाशीं बोलतांना पहिला प्रश्न गुणांचा नसावा. वरच्या वर्गांतील कोणी छळ करीत असेल, तर तेंही त्यास घरीं निर्भयपणें सांगतां आलें पाहिजे. महाराष्ट्रांत १९९९ च्या कायद्यानें रॅगिंग हा गुन्हा ठरला आहे.

पहिल्या वर्षांतील सर्वांत गंभीर प्रसंग शवविच्छेदनाचा. फॉर्मेलिनच्या उग्र वासानें डोळे चुरचुरतात. कित्येकांस त्या दिवशीं जेवण जात नाहीं. पुष्कळ महाविद्यालयांत विद्यार्थी आरंभींच त्या देहाचा मान राखण्याची शपथ घेतात, ही फार योग्य गोष्ट आहे. विद्यार्थ्यांनो, टेबलावर निजलेला तो देह कोणाच्या तरी पित्याचा वा मातेचा आहे. तो तुमचा पहिला गुरु समजा. मृतांच्या स्मरणदिनीं, २ नोव्हेंबरला, त्याच्यासाठीं एक मेणबत्ती लावीत जा. देहदान आपल्या धर्मास मान्य आहे काय, असें कित्येक वृद्ध मला विचारतात. स्वेच्छेनें व परोपकारबुद्धीनें केलेलें असें दान ख्रिस्तसभा निषिद्ध मानीत नाहीं. मृत देहाचा आदर राखला जावा, एवढीच तिची अपेक्षा असते.

संत लूक हे वैद्य होते, असें परंपरा सांगते. दयाळू शोमरोन्याचा दाखला चार शुभवर्तमानांपैकीं केवळ त्यांच्याच शुभवर्तमानांत आढळतो. त्या शोमरोन्याजवळ कोणतीही पदवी नव्हती. तो वाटेंत थांबला, जखमा बांधल्या आणि खर्चही स्वतः सोसला. अलीकडच्या काळांत नेपल्सचे डॉक्टर जुझेप्पे मोस्काती (१८८०-१९२७) हे थोर प्राध्यापक असूनही गरिबांस पैसे न घेतां तपाशीत. १९८७ सालीं त्यांस संतपद देण्यांत आलें. वैद्यकाच्या दारांतून आंत जाणाऱ्यांनीं हे दोन आदर्श बरोबर न्यावे. ज्यांच्यापुढें तें दार उघडलें नाहीं, त्यांनीं निराश होऊं नये. रुग्णाच्या उशाशीं बसण्यास कोणतीही प्रवेशपरीक्षा लागत नाहीं.

आपल्या धर्मग्रामाची पन्नास वर्षें पूर्ण झालीं. पुढील पन्नास वर्षांत येथून किती डॉक्टर निघाले, हें कोणी तरी मोजीलच. आपल्या एकाही मुलाला निकालाच्या रविवारीं देवळांत येण्याची लाज वाटूं नये, एवढें आपण सर्वांनीं मिळून पाहावें, ही माझी हात जोडून विनंति आहे. परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.