मुलाखतीचा निरोप
(तरुणांच्या सभेंत दिलेलें भाषण)



परभणीच्या स्टेशनावर हातांत प्रमाणपत्रांची फाईल धरून उभे असलेले तरुण आम्ही नेहमीं पाहतों. कोणी छत्रपती संभाजीनगरास निघालेला असतो, कोणी पुण्यास, कोणी हैदराबादेस. कित्येकांस तर इतकें दूरही जावें लागत नाहीं. येथील कृषि विद्यापीठांतच त्यांस थेट मुलाखतीचें बोलावणें येतें. मुलाखतीस जावें कसें, कपडे कोणते घालावे, नमस्कार कसा करावा, हें सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हांस आज एवढेंच बोलावयाचें आहे कीं, मुलाखतींतून बाहेर पडावें कसें. विषय लहान दिसतो खरा. पण त्या शेवटच्या दोन मिनिटांत आमच्या मुलांचें जें नुकसान होतें तें लहान नाहीं.

केंद्र सरकारनें १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. तेथें लेखी परीक्षेचे गुण बोलतात, आणि तें बरेंच झालें. परंतु वरच्या पदांस मुलाखत आहेच. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेंत अखेरच्या २०२५ गुणांपैकीं २७५ गुण मुलाखतीचे असतात. खासगी कंपन्या, शाळा, रुग्णालयें यांचें तर बहुतेक सारें मुलाखतीवरच चालतें.

मुलाखत संपत आली म्हणजे मंडळांतील कोणी तरी विचारतो, “तुम्हांस कांहीं विचारावयाचें आहे काय?” तोंवर लगाम त्यांच्या हातीं असतो, या एका प्रश्नासरशी तो उमेदवाराच्या हातीं येतो. आणि आमचा मुलगा काय करतो? “नाहीं सर,” म्हणून उठतो. किंवा, जो अधिक गांजलेला असतो तो म्हणतो, “साहेब, घरची परिस्थिति हलाखीची आहे. या नोकरीची मला फार गरज आहे.”

या दुसऱ्या उत्तराविषयीं आम्हांस थोडें थांबून बोललें पाहिजे, कारण तें खोटें नसतें. बापाच्या डोक्यावर सोसायटीचें कर्ज आहे, दोन वर्षे कापूस हातीं लागला नाहीं, बहिणीचें लग्न राहिलें आहे. यांतील कांहींही त्यानें रचलेलें नाहीं. पण समोर बसलेल्या माणसास त्या गरजेचें करावयाचें काय? बाहेरच्या बाकावर आणखी चाळीस जण बसले आहेत, आणि त्यांच्याही घरीं तेंच आहे. गरज तोलून एकास निवडावें असा तराजू त्याच्यापाशीं नाहीं. त्याच्यापाशीं एक काम आहे, आणि तें कोण नीट करील एवढेंच त्यास ठरवावयाचें आहे. शिवाय दयेचें बोलणें शेवटीं आलें म्हणजे त्याआधीं अर्धा तास दिलेलीं चांगलीं उत्तरेंही त्याखालीं झांकून जातात.

ही संवय आली कोठून? उमेदवार हा शब्दच फारसी आहे. उमेद बाळगणारा, असा त्याचा अर्थ. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. कचेरीची भाषा उर्दू. वरच्या शिक्षणाचीही उर्दूच. १९१८ सालीं हैदराबादेस निघालेलें उस्मानिया विद्यापीठ उर्दूंतून शिकवीत असे. मराठी बोलणाऱ्या मुलास साहेबापुढें दुसऱ्याच्या भाषेंत उभें राहावें लागे. थोडें बोलावें, मान लववावी आणि निघावें, हेंच त्यास शहाणपण वाटलें असल्यास नवल नाहीं. राज्य गेलें, पण वळण राहिलें. आजही अर्जाच्या तळाशीं आपण “आपला आज्ञाधारक” असें लिहितों. कागदावर तें चालतें. मुलाखतीच्या खोलींत ती आज्ञाधारकता मुकेपणा होऊन बसते.

आतां याच्या उलट एक उदाहरण पाहा. तें आपल्या पुण्यांतलेंच आहे. १९७४ सालीं हुबळीची एक मुलगी बंगळुरास टाटांच्या विज्ञान संस्थेंत शिकत होती. नांव सुधा कुलकर्णी. आज त्यांस सुधा मूर्ती म्हणून सारे ओळखतात. टेल्को कंपनीस, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सला, इंजिनियर हवे होते. पण स्त्रियांनीं अर्ज करूं नये असें जाहिरातींत छापलें होतें. या मुलीनें थेट जे. आर. डी. टाटांस एक पोस्टकार्ड लिहिलें. कंपनीनें तारेनें तिला पुण्यास मुलाखतीस बोलावलें. कामाविषयींचे सारे प्रश्न झाले, तिनें उत्तरें दिलीं. मग मंडळांतील एका वयस्क गृहस्थांनीं मायेनें तिला समजावलें कीं, हा कारखाना आहे, येथें आजवर स्त्रिया कामास घेतल्या नाहींत. म्हणजे दार जवळजवळ लागलेंच होतें. तेव्हां तिनें उत्तर दिलें तें असें, कीं कोठें तरी आरंभ करावाच लागेल. न केल्यास तुमच्या कारखान्यांत कोणतीच स्त्री कधीं काम करूं शकणार नाहीं. तिची निवड झाली.

येथें कोणी म्हणेल, ती हुशार होती, म्हणून निवडली. हुशार होतीच. आपण त्या वेळीं जरा उद्धटपणें बोललों, असें पुढें त्यांनीं स्वतःच लिहिलें आहे. तेव्हां तो सूर उचलावा असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें लक्ष दुसरीकडे आहे. रागावण्यास तिला जागा होती, गाऱ्हाणें मांडण्यासही होती. पण तिचें शेवटचें वाक्य स्वतःविषयीं नव्हतें, कारखान्याविषयीं होतें.

शेवटाचें वजन मनावर किती पडतें, याचा एक प्रयोग १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. डॅनियल कानेमन, ज्यांस २००२ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, ते व त्यांचे सहकारी यांनीं माणसांस थंडगार पाण्यांत हात धरावयास लाविलें. एकदां साठ सेकंद. दुसऱ्यांदा तेच साठ आणि वर आणखी तीस, पण त्या तिसांत पाणी अंशभर कोमट केलेलें. पुन्हां कोणतें सोसाल, असें विचारतां बहुतेकांनीं लांबलेलें दुसरें निवडलें! शेवट किंचित् बरा झाला, एवढ्यानें जास्त त्रासाची आठवण सौम्य झाली. मात्र याचा फार अर्थ काढूं नका. अनेक ठिकाणीं परीक्षक प्रत्येक उत्तराचे गुण वहींत मांडीत असतात. मधलें सारें कोरें गेलें असल्यास गोड निरोपानें तें भरून येत नाहीं.

मग विचारावें तरी काय? कामाविषयीं विचारावें. समजा, बियाण्यांच्या कंपनींत जागा आहे. भेंडीचें “परभणी क्रांती” वाण आपल्याच विद्यापीठाचें, हळद्या रोगास तोंड देण्यासाठीं काढलेलें. ज्या मुलानें शेत पाहिलें आहे त्यानें असें विचारावें: “आमच्याकडील शेतकरी बियाणें घेतांना हळद्याविषयीं आधीं विचारतो, त्यास आपल्या माणसानें काय सांगावें अशी आपली अपेक्षा आहे?” परिचारिकेच्या जागेसाठीं गेलेल्या मुलीनें रात्रपाळींत एकीकडे किती रुग्ण असतात, हें विचारावें. अशा प्रश्नानें ती त्या वॉर्डांत मनानें उभी राहून आली आहे, हें कळतें. पगाराचा विषय त्यांनीं काढला तर स्पष्ट बोला, आढेवेढे नकोत. पण सरकारी जागेचा पगार विचारूं नका, तो जाहिरातींत छापलेला असतो, आणि विचारणाऱ्यानें ती वाचली नाहीं एवढेंच त्यांतून कळतें.

त्यानंतर एक वाक्य आपल्याविषयीं, तेंही केलेल्या कामाचें. “मी कष्टाळू आहें,” असें सारेच म्हणतात. “दोन हंगाम मीं वडिलांबरोबर ठिबकाची सोय सांभाळली आहे,” असें म्हणणारा एखादाच. इंग्रजी अडखळत असेल तर मराठींत बोलूं का, असें विचारून नीट मराठींत बोला. निकाल केव्हां कळेल, हें विचारण्यांतही कमीपणा नाहीं.

आणि ते कागद! मूळ प्रमाणपत्रें, साक्षांकित प्रती, गुणपत्रिका टेबलावर पसरलेल्या असतात, आणि उठण्याच्या घाईंत आमचा मुलगा त्या गोळा करूं लागतो. एक खालीं पडते, दुसरी तेथेंच राहते, आभार मानावयाचे राहून जातात. बसल्या जागींच कागद क्रमानें लावा, फाईल मिटा, मग उठा. मंडळाकडे पाहून आभार माना. पाठ न दाखवतां मागें मागें सरकत जाण्याची गरज नाहीं. तो दरबार नव्हे. सरळ चालत जा, आणि दार हळू लावा.

आपल्याकडे घरांतून निघतांना कोणी “जातों” म्हणत नाहीं, “येतों” म्हणतो. खोलींतून निघतांना तोंडानें हें म्हणावयाचें नाहीं, पण चालण्यांत तें असावें.

ऐकून हें जमत नाहीं. म्हणून चहानंतर आम्ही याच सभागृहांत टेबलामागें तीन खुर्च्या मांडणार आहों. आपल्या धर्मग्रामांतील एक निवृत्त शिक्षक, एक परिचारिका व एक बँकेंतील गृहस्थ त्यांवर बसतील. प्रत्येकास शेवटचीं तीन मिनिटें मिळतील. फाईल बरोबर आणा. आधीं मुलींनीं यावें.