पोटात एक की दोन? आधीच विचारा

(प्रभाग संघाच्या सभेतील आरोग्य मार्गदर्शन)



जोडकेळं खाल्लं की जुळं होतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. केळ्याचा काही संबंध नाही बायांनो. साधारण ८०-९० बाळंतपणांत एक जुळ्याचं असतं. आईच्या माहेरी जुळी असतील तर शक्यता जास्त.

जुळं असणं हे संकट नाही. ते ऐन कळांच्या वेळी कळणं, हे संकट. कारण निम्म्याहून जास्त जुळी नऊ महिने भरायच्या आधीच होतात, वजनाला कमी असतात, आणि आईला रक्तस्रावाचा धोका वाढतो.

म्हणून पाच महिन्यांच्या आत एक सोनोग्राफी झालीच पाहिजे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची मोफत तपासणी असते. तिथं सरळ विचारा, "बाळ एक आहे की दोन? वार एक आहे की दोन?" उत्तर कार्डावर लिहून घ्या.

दोन असतील तर सिझर, रक्त आणि नवजात बाळांचा कक्ष जिथं आहे तिथंच नाव घाला. औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम, पुण्याचं ससून. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातल्या बायांनी पावसाळ्यात कळांची वाट बघत घरी थांबू नये. डॉक्टरांना विचारून आधीच रस्त्याजवळच्या पाहुण्यांकडे जाऊन राहावं. १०२ आणि १०८ हे नंबर घरात सगळ्यांना पाठ हवेत. गाडीला पैसे पडत नाहीत.

सोनोग्राफी झालीच नसेल, तर भरती होतानाच सिस्टरना तसं सांगा. पहिलं बाळ झाल्यावर रक्तस्राव रोखायला सुई देतात. आत दुसरं बाळ असताना ती देणं धोक्याचं, म्हणून आधी पोट हाताने तपासतात. सोबत दुपटी, टोपडी दोन-दोन न्या. बाळ झालं की पुसून आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरायचं, वरून पांघरूण घालायचं. बाळं दोन असतील तर आजीनेही एक धरावं.

आता समूहाचं काम. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करताना विचारा, आपल्यात, आपल्या सुनालेकींत कोण गरोदर आहे? तिचं कार्ड बघा. सोनोग्राफीचा रकाना रिकामा असेल, तर त्याच आठवड्यात आशाताईंबरोबर एकीने तिच्यासोबत जावं.