जीवनसत्त्व ब-१२ आणि आपले ताट
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



जळगाव-धुळ्याकडील आपल्या शाकाहारी घरांचे अन्न सकस आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, वांग्याचे भरीत यांवर पिढ्या पोसल्या. तथापि यांपैकी एकाही पदार्थात जीवनसत्त्व ब-१२ नाही. ते कोणतीही वनस्पती निर्माण करीत नाही. सूक्ष्म जंतूच ते तयार करतात, आणि शाकाहारी मनुष्यास ते मुख्यतः दुधादह्यातून लाभते.

१९२६ पासून घातक पांडुरोगाच्या रोग्यांस प्राण्यांचे यकृत खाऊ घालून वाचवीत असत. १९४८ साली त्यातील गुणकारी द्रव्य लाल स्फटिकांच्या रूपाने हाती आले. त्याची रचना उलगडणाऱ्या डोरोथी हॉजकिन यांना १९६४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज सायनोकोबालामिन व मिथाइलकोबालामिन या नावांनी गोळ्या व इंजेक्शने मिळतात, ती याच द्रव्याची होत.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती तपासल्या, तेव्हा अर्ध्याहून अधिक जणींत ब-१२ कमी आढळले. आपल्या घरी निराळे असेल, असे मानण्यास आधार नाही. दूध डेअरीस जाते, उरलेले मुलांस व पुरुषांस. सुनेच्या वाट्यास चहातले चार थेंब!

या उणिवेने थकवा येतो, पायांस मुंग्या येतात, तोल जातो, विसर पडतो. आपण त्यास ‘वय झाले’ म्हणतो आणि मोकळे होतो. परंतु उपचारास फार विलंब झाल्यास मज्जातंतूंची हानी कायमची राहते. गर्भवतीस देतात त्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या अवश्य घ्याव्यात. मात्र फॉलिक आम्लाने रक्त सुधारले तरी ब-१२ अभावी मज्जातंतूंचा ऱ्हास चालूच राहू शकतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांतही ही उणीव संभवते.

म्हणून आमची विनंती इतकीच : गर्भवती, वृद्ध व मधुमेही यांच्या रक्ताची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी, ते सांगतील तेवढेच औषध घ्यावे, आणि घरातील दुधाचा पहिला पेला सुनेच्या हाती द्यावा. औषध उणीव भरून काढील. ती पुन्हा न होऊ देणे मात्र घराच्याच हाती आहे.